शेततळ्यातली घोरपड

राधाकिशनने खिडकीला टांगलेल्या पोत्यावर तांब्यातलं पाणी अर्धंच ओतलं होतं, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. उतरलेला माणूस पन्नाशीचा, अनोळखी. त्याने मागच्या सीटला दोरीने बांधलेला दुधाचा कॅन सोडला, दोन्ही हातांनी जपून उचलला आणि भिंतीच्या सावलीत ठेवला. कॅनला झाकण नव्हतं. तोंडाला धोतराचं फडकं बांधलं होतं आणि ते मधूनमधून आतून हलत होतं.

"बाई हायत का?" त्याने विचारलं. "केजकडून आलोय. शहादेव माझं नाव. दोन दिवस झाले बाईंला फोन लावतोय, लागतच न्हाई."

राधाकिशन तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. मंजुळाचा फोन आत कपाटात होता. त्यानेच तो बंद करून तिच्या साड्यांखाली ठेवला होता.

"बाई वारल्या," तो म्हणाला. "दीड महिना झाला."

स्वतःच्या बायकोला बाई म्हणायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

शहादेवने डोक्यावरची टोपी काढली. कॅनकडे पाहिलं, मग राधाकिशनकडे. मग तो ओट्यावर चढला आणि भिंतीला टेकून बसला. राधाकिशनने सतरंजी आणून दिली आणि स्वतः समोर बसला. दुःखाच्या घरी लांबून आलेला माणूस जसा बसतो तसा शहादेव खाली मान घालून बसला होता, आणि घरातला माणूस जसा बसतो तसा राधाकिशन. अशा बसण्यात आधी बोलायचं नसतं. गेल्या दीड महिन्यात चौसाळ्यातून आणि आसपासच्या गावांतून अशी पुष्कळ माणसं येऊन बसून गेली होती. आता येणारं कुणी उरलं नाही, असं त्याला वाटत होतं.

बाजूला कॅनमध्ये खरवडल्याचा आवाज होत होता. थांबायचा, पुन्हा व्हायचा. दोघांनाही तो ऐकू येत होता, पण बसण्याचा वेळ पुरा होईपर्यंत कुणी तिकडे पाहिलं नाही.

शेवटी राधाकिशनने विचारलं, "त्यात काय हाय?"

"घोरपड."

मग शहादेवने सगळं सांगितलं. महिनाभर तो आणि त्याची बायको चारा छावणीत होते. चार जनावरं होती, रानात काडी नव्हती, विहीर तळाला गेलेली. सहकारी संस्थेने माळावर छावणी घातली तेव्हा पहिल्याच दिवशी जनावरं दावणीला नेऊन बांधली आणि तिथेच पाचटाच्या छपराखाली मुक्काम टाकला. शेताकडे कुणी फिरकलंच नाही. परवा पाण्याचा पाइप आणायला म्हणून तो शेतात गेला, तर शेततळ्यात ही. तळं आटून तळाशी वीतभर हिरवं पाणी राहिलेलं. पाण्याच्या वासाने आत उतरली असेल. पण आतून सगळा प्लास्टिकचा कागद, उन्हाने तव्यासारखा तापलेला. चढायला जायची आणि घसरून खाली यायची. पुरुषभर उंचीपर्यंत चारी बाजूंनी कागदावर ओरखडे होते. किती दिवस ती तिथे होती, कुणाला ठाऊक.

"दोरीला धरून उतरलो अन् काढली," शहादेव म्हणाला. "चावलीसुदिक न्हाई. तेवढी ताकदच न्हाई राहिली तिच्यात. म्हणलं, बाईंकडंच नेतो. दुसऱ्या कुणाकडं द्यायचं न्हाई." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "आता नेतो परत. बघतो काय व्हतंय ते."

"राहू द्या," राधाकिशन म्हणाला.

तो हे का म्हणाला, ते त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं. घोरपडीला त्याने आजवर कधी हात लावला नव्हता.

मंजुळा गावात अंगणवाडी सेविका होती, सगळे तिला बाई म्हणायचे. अठरा वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या पत्र्यातून घुबडाचं पिल्लू खाली पडलं, ते तिने पदरात घालून घरी आणलं आणि उडेपर्यंत सांभाळलं. तिथून हे सुरू झालं. पुढे वनखात्याच्या प्राणीमित्रांच्या यादीत तिचं नाव लागलं. लोक साप, घार, रानमांजर, कासव, जे सापडेल ते घेऊन यायचे. ती कधी कुणावर ओरडली नाही. एकदा एका वस्तीवर घोरपड शिजवायला बांधून ठेवली होती. ती तिथे गेली तेव्हा कायद्याचं नाव तिने काढलं नाही. चुलीजवळ बसली, त्या घरच्या बाईलाच घोरपडीचे पाय धरायला लावले आणि जखमा धुतल्या. निघताना ती बाई दारापर्यंत सोडायला आली. पुढे त्याच घरातून दोन वेळा निरोप आला, की जनावर सापडलंय, न्यायला या.

राधाकिशन हे सगळं दारातून पाहायचा. तो एकतीस वर्षं, गेल्या डिसेंबरपर्यंत, दूध संस्थेचा सचिव होता. सकाळी पाचला दूध संकलन, संध्याकाळी पाचला संकलन. गाय दिवाळीलाही दूध देते आणि दसऱ्यालाही, त्यामुळे संस्थेला सुट्टी नसते. मंजुळा कुठे निघाली की तो म्हणायचा, संकलन आहे. ती म्हणायची, मी कुठं चला म्हणलं.

शहादेव गेल्यावर राधाकिशनने फडकं सोडलं आणि घोरपडीला बाहेर काढायला हात घातला. ती कशी धरायची, ते मात्र त्याला आठवत होतं. एक हात मानेमागे, दुसरा मागच्या पायांच्या वर, शेपूट काखेत. हातभर लांबीचं अंग आणि जवळजवळ तेवढीच शेपूट. पोटाखालची खवलं कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली होती. खाली लाल मांस दिसत होतं. नखं झिजून बोटांशी आली होती, उजव्या मागच्या पायाचं एक बोट तुटून गेलं होतं. त्याच्या हातात ती सैल पडून राहिली. फक्त डोळा उघडा होता आणि तो त्याच्याकडे पाहत होता.

त्याने वनरक्षकाला फोन केला. भारत नावाचा तरुण वनरक्षक दुपारी आला, पंचनामा लिहिला, फोटो काढला.

"दुसरं कुणी असतं तर आजच उचलून नेली असती, काका," तो म्हणाला. "बाईंच्या घरात हाय म्हणून ठेवतो. बारा दिवसांनी मोठ्या उपचार केंद्राची गाडी येणार हाय. तोवर चालती-फिरती झाली, तर तिच्याच रानात सोडू. न्हाई झाली तर गाडीत जाईल. अन् तिकडं गेलेलं जनावर शक्यतो इकडं माघारी येत न्हाई."

"जगंल का?"

"बाई असत्या तर सांगितलं असतं त्यांनी," भारत म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते कळून पंचनाम्याच्या कागदाची घडी घालू लागला.

संस्थेच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना राधाकिशनने फोनवर विचारलं. ते म्हणाले, मला गाईम्हशीचं विचारा, घोरपडीचं मी काय सांगू. तरी त्यांनी जखम कशी धुवायची ते सांगितलं आणि मलमाचं नाव सांगितलं. बाकीचं राधाकिशनने आपल्या अकलेने केलं.

त्याची अक्कल दुधाची होती. उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की कॅन सावलीत ओळीने लावायचे, वर तागाची पोती टाकायची आणि पोती सुकू द्यायची नाहीत. असं त्याने एकतीस उन्हाळे केलं होतं आणि त्याच्या हाताखाली दूध क्वचितच नासलं होतं. उन्हाने पोळलेल्या जिवाला गारवा द्यायचा, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. न्हाणीत रांजणाच्या मागे घरातली सगळ्यात थंड जागा होती. तिथे ऊन कधीच यायचं नाही. त्याने खाली ओलं पोतं अंथरलं, घोरपडीला त्यावर ठेवलं आणि वरून दुसरं ओलं पोतं टाकलं. गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. त्याने स्वतःची आंघोळ एक दिवसाआड केली आणि ते पाणी दिवसातून तीन वेळा पोत्यावर शिंपडलं.

शेजारची सलिमा अंडी देऊन गेली. तिचा नवरा रहीम हमरस्त्यावर फळांचा गाडा लावायचा आणि दोन्ही घरांचं येणंजाणं जुनं होतं. राधाकिशनने अंडं फोडून बशीत ठेवलं. पहिल्या दिवशी घोरपडीने जीभ बाहेर काढून बशीचा वास घेतला. दुसऱ्या दिवशी तेवढंही केलं नाही. त्याने चमच्याने पाणी ओठाच्या कडेला लावलं, ते थोडं आत गेलं, थोडं ओघळलं. तिसऱ्या दिवशी तिने पाय ओढून घेतले नाहीत. मलम लावताना आधी ती फुसकारायची, आता फुसकारत नव्हती.

शहादेवचा रोज फोन यायचा. छावणीतल्या गोंगाटातून त्याचा आवाज यायचा. खाल्लं का, विचारायचा. न्हाई म्हटलं की उद्या लावतो म्हणून फोन ठेवून द्यायचा. एका घोरपडीसाठी इतका जीव टाकणारा शेतकरी राधाकिशनने पाहिला नव्हता. त्याला त्या माणसाचं कौतुक वाटायचं आणि आपण त्याला रोज तेच सांगतो याची लाजही वाटायची.

पाचव्या दिवशी सकाळी पोतं उचललं तर ती गार होती. मान एका बाजूला पडलेली, जीभ तोंडातून थोडी बाहेर आलेली. त्याने बोट तिच्या डोळ्याजवळ नेलं. पापणी हलली नाही. तो बराच वेळ न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मग उठला. पहिल्यांदा त्याने बशीतलं अंडं काढून टाकलं आणि बशी घासून पालथी घातली.

भारतला कळवण्याआधी खड्डा खणून ठेवावा म्हणून त्याने कुदळ घेतली. घोरपडीला परसातल्या शहाबादी फरशीवर ठेवलं. मंजुळा कपडे धुवायची ती फरशी. आठ वाजले असतील, ऊन फरशीवर आलं होतं. भिंतीकडच्या कोपऱ्यात त्याने कुदळ मारली. जमीन दगड झाली होती. दोन वर्षं धड पाऊस नव्हता. कुदळ वाजायची आणि मातीचा चिमूटभर टवका उडायचा. हातभर खड्ड्याला एरवी पाव तास लागला नसता. आज तासभर झाला तरी वीतभर खोल गेला नव्हता. तळहाताला फोड आला. तो कुदळीवर रेलून श्वास घ्यायला थांबला आणि सहज फरशीकडे पाहिलं.

मान सरळ झाली होती.

आपणच तशी ठेवली असेल, असं त्याला वाटलं. तो तिथेच उभा राहिला. मग गळ्याखालची कातडी फुगली आणि खाली बसली. पुन्हा फुगली. निळसर दुभंगलेली जीभ लांब बाहेर आली, हवेत दोनदा हलली आणि आत गेली. घोरपडीने पुढचे दोन पाय एकेक करून अंगाखालून काढले, फरशीवर रोवले, आणि भाजलेलं पोट उचलून धरत ती उन्हात सगळं अंग पसरून राहिली.

राधाकिशन खड्ड्याच्या काठावर खाली बसला.

इतका वेळ कळत नव्हतं ते आता त्याला एकदम कळलं. हे दूध नव्हतं. हिच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती हिला उन्हातून घ्यावी लागते. त्याने तिला पाच दिवस दुधासारखं जपलं होतं.

आणि मग दुसरीही गोष्ट आठवली. मार्चमध्ये मंजुळाला खाटेवरून उठवत नव्हतं. अंगातलं रक्त कमी झालं होतं. बाहेर ऊन तापायला लागलं होतं आणि तिला तलखी होऊ नये म्हणून त्याने खोलीच्या खिडकीला ओलं पोतं टांगलं होतं. ती म्हणायची, "मला थंडी वाजतीय हो. जरा उन्हात बसवा." तो म्हणायचा, एवढ्या उन्हात कुणी बसतं का, ताप वाढंल. ती दोन-तीनदा म्हणाली. पुढे म्हणायची थांबली. ती गेल्यावरही तो त्या पोत्यावर रोज सकाळी पाणी ओतत होता. कशासाठी, ते त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

तो उठला, आत गेला, आणि खिडकीचं पोतं काढलं. खोलीत ऊन खाटेपर्यंत आलं. पोतं घडी घालून त्याने दाराबाहेर ठेवलं.

सलिमा परसाच्या भिंतीवरून पाहत होती. फरशीवरची घोरपड बघून ती म्हणाली, "आज काढली का उन्हात? बरं केलं. काकू तर सकाळीच काढायच्या. डोक्यावर ऊन आलं की सावलीत. तिला दोन्ही लागतं, जिकडं पायजे तिकडं ती आपली जाती."

"तुला म्हाईत व्हतं?"

"मंग? मीच तर धरायचे कधी कधी."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

सलिमाने पदर सावरला. "तुमी काकूंचे मालक. मला वाटलं, तुमाला म्हाईतच असंल."

त्याने खड्डा बुजवला नाही. त्यात घरचं जुनं घमेलं बसवलं आणि पाणी भरून ठेवलं. सलिमाने सांगितलं तशी परसाच्या एका बाजूला खाट उभी करून सावली केली. तिसऱ्या प्रहरी घोरपडीने अंडं खाल्लं. मान वर करून, गळा हलवत, बशी स्वच्छ होईपर्यंत. संध्याकाळी शहादेवचा फोन आला तेव्हा राधाकिशनने न विचारताच सांगितलं. पलीकडून जनावरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत राहिल्या.

पुढचे दिवस राधाकिशन परसात बसून राहिला. करायला फारसं काही नव्हतं. मलम लावायचं, बशी ठेवायची. बाकी सगळं ती करत होती. सकाळी ऊन फरशीवर यायच्या आधीच ती तिथे जाऊन थांबायची. आधी अंग आडवं करायची, मग तापलं की डोकं उन्हाकडे फिरवून अंग कमी करायची, मग हळूच सावलीत सरकायची. दिवसभर ऊन आणि सावलीची रेघ हलायची आणि ती त्या रेघेवर राहायची. एकदाही चुकली नाही. संस्थेत दुधाची तपासणी यंत्राने व्हायची. हिच्याकडे जीभ होती. घमेल्याच्या कडेच्या ओल्या मातीला ती जीभ लावायची आणि बोटभर खाली झोपलेला किडा नेमका उकरून काढायची. नखं नव्हती तर बोटांच्या बुंध्यांनी उकरायची. रक्त यायचं. थांबायची, दुसऱ्या पायाने उकरायची. तुटलेल्या बोटाबद्दल तिने काही रुसवा धरला नव्हता. जो पाय होता तो वापरायची.

मंजुळा तासन् तास परसात का बसायची, हे त्याला आता कळत होतं. एरवी तिला तो हाक मारायचा, चहा झालाय. ती म्हणायची, येते. आणि यायची नाही.

दहाव्या दिवशी ती भिंतीवर चढायला लागली. तीनदा पडली. चौथ्यांदा विटांच्या सांध्यांत बोटं रुतवून हातभर वर गेली आणि तिथेच चिकटून राहिली. पोट भिंतीला, शेपूट खाली, गळा फुगलेला. राधाकिशन उठून उभा राहिला. तिला खाली घ्यावं की राहू द्यावं हे न कळून तो दोन्ही हात तिच्या खाली धरून उभा होता. हात भरून आले तरी ती सुटली नाही. सलिमाने पाहिलं आणि ती हसली.

भारत अकराव्या दिवशी आला. पोटावरची नवी कातडी पाहिली, नखांचे काळे टोकदार कोंब पाहिले. ती फुसकारून शेपूट मारायला धावली तेव्हा तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "गाडीची गरज न्हाई, काका. हिला घरी सोडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे वडाप जीपने केजकडे निघाले. घोरपड झाकणाच्या टोपलीत, टोपली राधाकिशनच्या मांडीवर. आतून शेपटीचा फटका बसला तशी शेजारची म्हातारी आखडून बसली.

"कोंबडं हाय का?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"सरकारी माल हाय," गणवेशातला भारत म्हणाला.

"मंग हाफ तिकीट काढा. सरकारचं सगळं अर्धंच असतंय."

म्हातारी हसली. राधाकिशनही हसला. बऱ्याच दिवसांनी तोंड तसं वळल्यामुळे गालाला वेगळं वाटलं.

शहादेव फाट्यावर उभा होता. शेत तिथून जवळ होतं. उसाची खोडकी वाळून गेली होती, कारखान्याला ऊस जाऊन दोन हंगाम झाले होते. बांधाच्या कडेला बाभळी आणि त्यांच्या मुळाशी बिळं. राधाकिशन आयुष्यात पहिल्यांदा शेततळं जवळून पाहत होता. काठावर उभा राहून त्याने आत डोकावलं. चौकोनी खोल खड्डा, चारी बाजूंनी काळा गुळगुळीत कागद. तळ आता कोरडा पडला होता. कागदावर ओरखडे अजून होते. एकाशेजारी एक, एकावर एक, सगळे साधारण एकाच उंचीवर संपलेले.

"पुन्हा पडली तर?" तो म्हणाला. "ही न्हाई तर दुसरी एखादी?"

शहादेव गोठ्यात गेला आणि एक गुंडाळी घेऊन आला. जड होती, छातीशी धरून आणली. काठावर टाकून उलगडली. तागाची पोती एकाला एक जोडून केलेली लांब पट्टी होती ती, हातभर रुंद. तिच्यावर दर वितीला सुतळीची जाड गाठ होती, पाय रोवता येईल अशी.

राधाकिशनने ती ओळखली. दाभणाची शिवण मंजुळाची होती. दिवाळीच्या आधी चार-पाच दिवस, संध्याकाळचं संकलन उरकून तो घरी आला की ती त्याला पोत्याचं दुसरं टोक धरायला सांगायची. तळ्यात पडलेल्या जनावराला याच्यावरून वर येता येतं, असं तिने सांगितलं होतं. तो बरं म्हणाला होता आणि टोक धरून बसला होता.

"दिवाळीत दिलती बाईंनी," शहादेव म्हणाला. तो तळ्याकडे बघत होता. "उन्हाळ्याच्या आत टाका म्हणल्या. मला वाटलं, दगडानं कागद फाटंल. तर त्यांनी दगडसुदिक पोत्यातच शिवून दिलते, बघा. नुसतं टाकायचं व्हतं. आज टाकू, उद्या टाकू. मंग छावणीला गेलतो." त्याने पट्टीची कड बोटाने सरळ केली. "त्यादिवशी बाईंलाच सांगायला आलतो. त्यांच्या तोंडावर सांगायचं व्हतं, की माझ्या हातून झालंय हे."

भारत टोपलीशी जाऊन उभा राहिला. राधाकिशन खाली बसला आणि पट्टीचं वरचं टोक हातात घेतलं. त्याला बांधायला दोरी ओवलेली होती.

"माझ्याकडूनबी एक राहिलं," तो म्हणाला. "खुटी कुठंय?"

शहादेवने काय राहिलं ते विचारलं नाही. तो खुंटी आणि हातोडा घेऊन आला. कडक जमिनीत खुंटी जाईना, आळीपाळीने ठोकली. दोरी दोनदा गुंडाळून गाठ मारली. मग दोघांनी दगडाचं टोक धरून पट्टी हळूहळू कागदावरून खाली सोडली. ती तळापर्यंत पोचली आणि वर हातभर उरली. मंजुळाने माप बरोबर घेतलं होतं.

बाभळीखाली टोपली ठेवून राधाकिशनने झाकण काढलं. घोरपड लगेच बाहेर आली नाही. आधी जीभ आली. ती हवेत हलली, टोपलीच्या काठाला लागली, मग मातीला. मातीशी ती बराच वेळ होती. मग पुढचा पाय बाहेर पडला, मग सगळं अंग. ती राधाकिशनच्या चपलेला घासून गेली. उन्हात दहा पावलं चालली, थांबली, मान उंच करून चारी बाजूंना पाहिलं. तीन माणसांकडे तिने पाहिल्यासारखं वाटलं नाही. मुळाशी एक बुजलेलं बीळ होतं. तिथे जाऊन ती उकरायला लागली. नवी नखं कडक मातीवर वाजत होती. माती मागे उडत होती. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग भाजल्याची गुलाबी खूण असलेलं पोट. शेवटी शेपटीचं टोक राहिलं होतं, तेही आत ओढलं गेलं.

"गेली," भारत म्हणाला आणि कागद काढून वेळ लिहिली.

कुणाला लगेच निघावंसं वाटत नव्हतं. शहादेवने बाटलीतलं पाणी दिलं. राधाकिशन बांधावर उभा राहून पाहत होता. पलीकडच्या शेतात मातीचा एक चौकोनी उंचवटा होता, त्याच्या पलीकडे दुसरा. लांब तिसरा. सगळी शेततळीच.

"गावात किती हायत अशी?"

"माझं धरून पंधरा."

"बाकीच्यांला बाईंनी पट्ट्या दिल्यात?"

"न्हाई. मला एकट्यालाच दिलती," शहादेव म्हणाला. "म्हणल्या, एवढ्या मला शिवायच्या न्हाईत. तुमचं बघून बाकीचे आपापल्या करतील."

राधाकिशनने बाटली परत दिली. मग त्याने विचारलं, गावातल्या दूध संस्थेत पेंडीची रिकामी पोती तागाची येतात की प्लास्टिकची. शहादेव म्हणाला, दोन्ही येतात. सचिव कोण आहे, संकलन किती वाजता असतं, तेही त्याने विचारून घेतलं.

पंधरातल्या चौदा शेततळ्यांत अजून पट्टी नव्हती; पोती संस्थेत मिळणार होती आणि शेतकरी संकलनाला.